टॉडमॉर्डन नेमकं कुठे? उत्तर इंग्लंडमधल्या पॅरिश, टाउनशिप आणि काउंट्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लँकेशायर आणि यॉर्कशायरच्या सीमेवरची जुनी कागदपत्रं, नकाशे किंवा दाखले चाळताना एकच गाव तीन-चार वेगवेगळ्या हद्दींत सापडतं: काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा मोठा विभाग, पॅरिश म्हणजे एका चर्चचा मुलूख आणि टाउनशिप म्हणजे रोजचा स्थानिक कारभार चालणारा पॅरिशचा पोटभाग. खालचे बहुतेक प्रश्न त्याच गोंधळातून येतात. उदाहरणं शक्यतो एकाच भागातली, म्हणजे कॅल्डर नदीच्या वरच्या खोऱ्यातली घेतली आहेत. हे एक खोरं समजलं की बाकीच्या उत्तरेतलं बरंचसं आपोआप उलगडतं.

टॉडमॉर्डन लँकेशायरमध्ये आहे की यॉर्कशायरमध्ये?

आज ते वेस्ट यॉर्कशायरमध्ये, कॅल्डरडेल नावाच्या बरोमध्ये, म्हणजे स्वतःची कौन्सिल असलेल्या स्थानिक विभागात, आहे. १८८८ च्या आधी हाच प्रश्न विचारला असता तर समोरच्याने उलट विचारलं असतं, 'पाण्याच्या कुठल्या काठाला?' वॉल्सडन वॉटर हा ओढा आणि पुढे कॅल्डर नदी ही दोन काउंट्यांमधली सीमा होती. एका अंगाला 'टॉडमॉर्डन अँड वॉल्सडन' ही टाउनशिप. ती लँकेशायरमध्ये आणि रॉचडेलच्या पॅरिशमध्ये. दुसऱ्या अंगाला लँगफील्ड आणि स्टॅन्सफील्ड; त्या यॉर्कशायरच्या वेस्ट रायडिंग या विभागात आणि हॅलिफॅक्सच्या पॅरिशमध्ये. बाजारपेठ एक, पण काउंट्या दोन, पॅरिश दोन आणि टाउनशिप तीन.

फील्डन या गिरणीमालक घराण्याने बांधून दिलेला इथला टाउन हॉल १८७५ मध्ये खुला झाला. ओढा त्या इमारतीच्या खालून वाहतो, म्हणजे काउंटीची सीमा थेट वरच्या सभागृहातून जात होती. नाचाच्या समारंभात एक गिरकी लँकेशायरमध्ये आणि पुढची यॉर्कशायरमध्ये घेता यायची. दर्शनी शिल्पपट्टातही दोन काउंट्यांच्या दोन स्त्रिया शेजारी शेजारी कोरल्या आहेत.

१८८८ च्या लोकल गव्हर्नमेंट अ‍ॅक्टने नियम केला की दोन काउंट्यांत पसरलेलं शहरी क्षेत्र, १८८१ च्या जनगणनेनुसार त्याची जास्त वस्ती ज्या काउंटीत असेल, तिच्यात अख्खं जाईल. त्यानुसार टॉडमॉर्डन वेस्ट रायडिंगमध्ये गेलं. पोस्ट आणि टेलिफोन खात्यापर्यंत ही बातमी पोचलेली दिसत नाही. आजही इथला पोस्टकोड ओल्डमचा आहे आणि फोनचा कोड रॉचडेलचा, दोन्ही सीमेपलीकडचे.

पण भर वस्तीतून सीमा नेण्याचा उद्योग केला कुणी?

कुणीच नाही. सीमा आखली गेली तेव्हा तिथे वस्ती नव्हती. उत्तर इंग्लंडचा स्थानिक इतिहास समजून घ्यायचा तर हीच गोष्ट आधी लक्षात घ्यायला हवी.

पेनाइन डोंगररांगेतली ही खोरी अरुंद आणि खोल आहेत. तळाशी दलदल आणि झाडी असायची, म्हणून जुनी गावं वरच्या सपाट टप्प्यांवर वसली. हेप्टनस्टॉल हे त्यातलं ठळक उदाहरण. शेती बेताची, म्हणून घरोघरी लोकर कातणं-विणणं चाले आणि तयार कापड घोड्यांच्या पाठीवर लादून डोंगरमाथ्यावरच्या फरसबंद पायवाटांनी बाजाराला जाई. अशा वेळी दोन गावांमधली हद्द ठरवायला खालचा ओढा सगळ्यात सोयीचा. तिकडे कुणी राहत नव्हतं, त्यामुळे कुणाची हरकतही नव्हती.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सगळंच फिरलं. गिरण्यांना चाकं फिरवायला पाणी हवं होतं, आणि पाणी खाली होतं. खोऱ्याच्या तळातून टोलरस्ता गेला, १८०४ मध्ये रॉचडेल कालवा पूर्ण झाला आणि १८४१ मध्ये मँचेस्टर-लीड्स रेल्वे सलग सुरू झाली. माणसं डोंगरावरून खाली उतरली आणि नवी शहरं नेमकी हद्दीच्या रेषेवर उभी राहिली. हेब्डन ब्रिज असंच वॉड्सवर्थ, हेप्टनस्टॉल आणि एरिंग्डन या टाउनशिप जिथे भिडतात त्या पुलापाशी वाढलं. त्या नावाची टाउनशिप कधी नव्हतीच.

हे फक्त कॅल्डरपुरतं नाही. टेम नदीवरचं स्टेलीब्रिज लँकेशायर आणि चेशायरमध्ये विभागलेलं होतं. मॉसलीमध्ये तर लँकेशायर, चेशायर आणि यॉर्कशायर या तिन्ही काउंट्या एकत्र येत. १८८८ च्या नियमाने स्टेलीब्रिज चेशायरला मिळालं, मॉसली लँकेशायरला. मँचेस्टर आणि सॅल्फर्ड यांच्यामधून जेमतेम एका पुलाच्या रुंदीची इर्वेल नदी वाहते, तरी आजही ती दोन वेगळी शहरं आहेत आणि सॅल्फर्डमध्ये बसून 'मँचेस्टरमध्ये राहता का?' असं विचारणं फारसं शहाणपणाचं नाही.

पॅरिश म्हणजे काय? उत्तरेतल्या पॅरिश एवढ्या अवाढव्य का?

पॅरिश म्हणजे एका चर्चच्या धर्मगुरूच्या अखत्यारीतला मुलूख. तिथले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं त्याच्या चर्चमध्ये व्हायची आणि धान्याचा दहावा हिस्सा, म्हणजे टाइद, तिकडे जायचा. दक्षिण इंग्लंडच्या सुपीक भागात साधारण एक गाव, एक चर्च, एक पॅरिश असं जमून जातं. उत्तरेत चर्चची व्यवस्था बसवली जात होती तेव्हा लोकसंख्या विरळ होती आणि जमीन नापीक. एक पाद्री पोसायला बराच मोठा मुलूख लागे. हॅलिफॅक्सची पॅरिश सुमारे १२४ चौरस मैलांची होती आणि तिच्यात वीसहून अधिक टाउनशिप होत्या. लँकेशायरमधल्या व्हॉलीच्या पॅरिशमध्ये चाळीसहून अधिक.

कोकणात एखादं मोठं गाव बारा वाड्यांत विखुरलेलं असतं आणि ग्रामदैवताचं देऊळ मात्र एकाच वाडीत, तशी ही रचना. फरक एवढाच की इथली 'वाडी' चार-पाच मैल दूर, डोंगरापलीकडे असू शकते आणि मध्ये बर्फ पडलेलं असू शकतं. म्हणून मूळ चर्चच्या हाताखाली 'चॅपल', म्हणजे जवळची दुय्यम चर्चं, निघाली आणि त्यांच्या क्षेत्राला चॅपलरी म्हणू लागले. हेप्टनस्टॉलचं चॅपल तेराव्या शतकातलं. हेप्टनस्टॉल, वॉड्सवर्थ, एरिंग्डन, लँगफील्ड आणि स्टॅन्सफील्ड या पाच टाउनशिप त्याच्याकडे. १८४७ च्या वादळात ते मोडकळीला आलं, मग त्याच आवारात नवं चर्च बांधून १८५४ मध्ये त्याचा अभिषेक झाला. जुन्याचे अवशेष आणि नवं चर्च आजही एकाच आवारात उभी आहेत.

पॅरिशचे तुकडे पाडायला कायदा लागायचा. लिव्हरपूल हे बंदर भरभराटीला आलं तरी १६९९ पर्यंत वॉल्टन या शेजारच्या गावाच्या पॅरिशचाच भाग होतं. सर्वांत मजेशीर वाटणी नॉर्थम्बरलंडमधल्या सायमनबर्नची. पाद्री नेमण्याचा तिथला हक्क लंडनजवळच्या ग्रीनिच हॉस्पिटल या नौदलाच्या संस्थेकडे होता. १८११ मध्ये या पॅरिशचे तुकडे करून तिथल्या जागा नौदलातल्या पाद्र्यांसाठी ठेवण्यात आल्या. जहाजांवर आयुष्य काढलेली माणसं स्कॉटलंडच्या सीमेवरच्या माळरानात प्रवचनं देऊ लागली.

मग टाउनशिप कशाला हवी होती?

रोजचा कारभार तिथेच चालायचा. १६०१ च्या कायद्याने गरिबांना पोसण्याची जबाबदारी पॅरिशवर टाकली. दक्षिणेत ते चाललं. पण हॅलिफॅक्सएवढ्या मुलखात कोण खरंच गरीब आहे आणि कोण सोंग करतंय हे एका बैठकीत ठरवणार कसं? शेवटी १६६२ च्या कायद्यात स्पष्ट लिहिलं गेलं की लँकेशायर, चेशायर, डर्बीशायर, यॉर्कशायर, नॉर्थम्बरलंड, डरम, कम्बरलंड आणि वेस्टमोरलंड या काउंट्यांतल्या पॅरिश फार मोठ्या आहेत, म्हणून तिथल्या टाउनशिपनी आपापले गरीब स्वतंत्रपणे सांभाळावेत.

प्रत्येक टाउनशिपमध्ये गरिबांसाठी कर गोळा करून वाटणारा ओव्हरसियर, शांतता राखणारा कॉन्स्टेबल आणि रस्त्यांचा सर्व्हेयर असे. पगारी नोकर नव्हेत. गावातल्याच शेतकऱ्यांवर, विणकरांवर वर्षभरासाठी आळीपाळीने येणारी बिनपैशांची जबाबदारी. रस्त्यांसाठी गावकऱ्यांनी वर्षाला सहा दिवस फुकट राबायचं, हा नियम १८३५ पर्यंत टिकला. रस्ते कसे होते याची कल्पना त्यावरून करावी.

'सेटलमेंट' आणि 'रिमूव्हल ऑर्डर' हे शब्द जुन्या कागदांत सतत दिसतात. ते काय आहे?

प्रत्येक गरीब माणसाचं कायद्याने एक 'हक्काचं ठिकाण' असे, तीच त्याची 'सेटलमेंट'. मदत फक्त तिथूनच मिळायची. वर्षाला १० पौंडांपेक्षा कमी भाड्याच्या घरात कुणी नवखा येऊन राहिला आणि पुढे आपल्यावर भार पडेल असं टाउनशिपला वाटलं, तर ४० दिवसांच्या आत तक्रार करून दोन दंडाधिकाऱ्यांच्या हुकमाने, म्हणजे 'रिमूव्हल ऑर्डर'ने, त्याला परत पाठवता येई. दुसरीकडे हक्क मिळवायचा तर तिथे एखाद्या धंद्यात शिकाऊ उमेदवारी करावी लागे किंवा अविवाहित असताना पूर्ण एक वर्षाची चाकरी. म्हणून काही मालक एक वर्षाला थोडे दिवस कमी अशी बोली करत.

लग्न झालेल्या बाईचं ठिकाण नवऱ्याचं. विवाहबाह्य मुलाचं ठिकाण १८३४ पर्यंत ते जिथे जन्मलं ते. यातून निघालेला प्रकार वाचवत नाही: दिवस भरत आलेल्या एकट्या बाईला हद्दीबाहेर पोचवण्याची ओव्हरसियरची धडपड, कारण बाळ पलीकडे जन्मलं की खर्चही पलीकडचा. टॉडमॉर्डनसारख्या ठिकाणी 'पलीकडे' म्हणजे ओढ्याच्या दुसऱ्या काठाला. या चौकशांचे कागद मात्र इतिहासाला अनमोल आहेत. ज्यांनी आयुष्यात दुसरं काही लिहिलं-लिहवलं नाही, अशा माणसांची कुठे जन्मलो, कुणाकडे राबलो, किती मजुरी मिळाली ही हकिगत त्यांत सापडते.

१८३४ च्या गरीब कायद्याला इथे एवढा विरोध का झाला?

त्या कायद्याने अनेक पॅरिश आणि टाउनशिप एकत्र करून 'युनियन' बनवल्या आणि धडधाकट गरिबाला मदत हवी असेल तर त्याने वर्कहाऊसमध्ये, म्हणजे कामाच्या बदल्यात गरिबांना ठेवणाऱ्या सरकारी निवासात, राहायला यावं असं धोरण ठेवलं. लंडनमध्ये बसून शेतमजुरांचा विचार करून केलेला हा कायदा होता. गिरण्यांच्या प्रदेशात मंदी आली की एका आठवड्यात शेकडो माणसं बेकार होत आणि दोन महिन्यांनी परत कामावर जात. त्यांना कोंडवाड्यात घालून काय साधणार?

टॉडमॉर्डन युनियनमध्ये सहा टाउनशिप होत्या. त्यांतल्या टॉडमॉर्डन-वॉल्सडन आणि लँगफील्ड यांनी सहकार्यच नाकारलं. त्यांच्या पाठीशी जॉन फील्डन होते, इथले सर्वांत मोठे गिरणीमालक, ओल्डमचे खासदार आणि पुढे गिरण्यांतल्या कामाचा दिवस दहा तासांवर आणणाऱ्या १८४७ च्या कायद्याचे पुरस्कर्ते. नोव्हेंबर १८३८ मध्ये लँगफील्डच्या ओव्हरसियरकडून दंड वसूल करायला हॅलिफॅक्सहून दोन कॉन्स्टेबल मॅन्किनहोल्स या वस्तीत आले. जमावाने त्यांना चोप देऊन परत पाठवलं आणि पुढच्या काही दिवसांत नव्या कायद्याच्या समर्थकांच्या घरांवर दगडफेक झाली. सैन्य आलं, पण वर्कहाऊस आलं नाही. ते बांधायला १८७० च्या दशकाची अखेर उजाडली. सत्तेच्या नकाशावर ठिपक्याएवढीही नसलेली टाउनशिप चाळीस वर्षं लंडनला नाही म्हणू शकली, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत लक्षणीय प्रकरण वाटतं.

हंड्रेड, वेपनटेक, वॉर्ड, रायडिंग: यांत फरक काय?

काउंटीचे पोटविभाग, एवढंच. लँकेशायरमध्ये सहा हंड्रेड होते, यॉर्कशायरमध्ये वेपनटेक आणि अगदी उत्तरेकडच्या चार काउंट्यांमध्ये वॉर्ड. यॉर्कशायर फार मोठं म्हणून ते आधी नॉर्थ, ईस्ट आणि वेस्ट अशा तीन रायडिंगमध्ये विभागलेलं. यॉर्क शहर तिन्हींच्या बाहेर. साउथ रायडिंग कधीच नव्हतं.

मँचेस्टरसारख्या शहराचा कारभार कोण पाहत होतं?

१८३८ पर्यंत एका जहागीरदाराचं न्यायालय. अतिशयोक्ती नाही. कापसाच्या व्यापाराची जागतिक राजधानी बनलेल्या मँचेस्टरला १८३२ पर्यंत स्वतःचा खासदार नव्हता आणि नगरपालिकाही नव्हती. मॅनरच्या, म्हणजे जहागिरीच्या, मालकाच्या नावाने भरणारं 'कोर्ट लीट' हे न्यायालय बरोरीव्ह हा गावप्रमुख आणि कॉन्स्टेबल नेमायचं. जोडीला रस्ते-दिव्यांसाठी पोलीस कमिशनर होते. १८३८ मध्ये सनद मिळून महानगरपालिका झाली, तरी बाजारावरचे हक्क मॅनरच्या मालकाकडेच राहिले. शेवटी १८४६ मध्ये पालिकेने मोझली घराण्याला दोन लाख पौंड मोजून अख्खा मॅनरच विकत घेतला.

चर्चची गतही तीच. तीसेक टाउनशिपची एकच पॅरिश, त्यामुळे लग्नाला सगळे जुन्या कॉलेजिएट चर्चमध्ये येत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जोशुआ ब्रुक्स नावाचे पाद्री तिथे अनेक जोडप्यांची लग्नं एकाच विधीत लावून टाकत.

स्वच्छतेची, पाण्याची जबाबदारी कुणाची होती?

बराच काळ कुणाचीच नाही, आणि त्याची किंमत हॉवर्थमध्ये मोजून ठेवलेली आहे. हॉवर्थ ही ब्रॅडफर्डच्या पॅरिशमधली चॅपलरी. तिथले पाद्री पॅट्रिक ब्रॉन्टे, म्हणजे ब्रॉन्टे भगिनींचे वडील, यांच्या पुढाकाराने गावाने लंडनकडे अर्ज केला आणि १८५० मध्ये बेंजामिन बॅबेज तपासणीला आले. त्यांच्या अहवालात मृत्यूचं सरासरी वय २५.८ वर्षं निघालं आणि ४१.६ टक्के मुलं सहा वर्षांची होण्याआधी दगावत होती.

१८४८ आणि १८५८ च्या कायद्यांनी गटारं-पाणी पाहणारी 'लोकल बोर्ड' स्थापता येऊ लागली. पुढे एक गंमत झाली. १८६२ च्या कायद्याने दंडाधिकाऱ्यांना अनेक गावांचे रस्ते एकत्र करून महामार्ग-जिल्हा बनवायचा अधिकार मिळाला. लोकल बोर्ड असलेलं गाव मात्र त्यातून सुटे. उत्तरेतल्या चिमुकल्या टाउनशिपनी लगेच गटारांबद्दल अचानक आस्था दाखवून बोर्डं काढली, केवळ आपल्या रस्त्याचा पैसा शेजाऱ्याच्या रस्त्यावर जाऊ नये म्हणून. वर्षभरात सरकारला तीन हजार लोकवस्तीची अट घालावी लागली.

'सिव्हिल पॅरिश' आणि जुनी पॅरिश एकच का?

नाही, आणि वंशावळ शोधणारे इथेच चुकतात. १८६६ च्या कायद्याने गरिबांसाठी वेगळा कर घेणाऱ्या प्रत्येक ठिकाणाला 'पॅरिश' ठरवलं. एका फटक्यात लँगफील्डसारख्या टाउनशिप सिव्हिल पॅरिश झाल्या. म्हणजे १८५० च्या कागदातली 'हॅलिफॅक्स पॅरिश' १२४ चौरस मैलांची आणि १८७० च्या सरकारी तक्त्यातली फक्त शहरापुरती.

१८९४ मध्ये ग्रामीण पॅरिशना निवडून आलेल्या कौन्सिल मिळाल्या आणि लहान शहरं अर्बन डिस्ट्रिक्ट झाली. टॉडमॉर्डन १८९६ मध्ये बरो झालं. हेब्डन ब्रिज १९३७ मध्ये मिथमरॉइडशी जोडलं जाऊन हेब्डन रॉइड बनलं. आज टॉडमॉर्डनला पॅरिश पातळीचीच कौन्सिल आहे. ती स्वतःला टाउन कौन्सिल म्हणवते आणि महापौर निवडते. कितीतरी मोठ्या हॅलिफॅक्सला अशी कौन्सिलच नाही.

१९७४ मध्ये नक्की काय बदललं? लोक अजून का चिडतात?

१ एप्रिल १९७४ पासून रायडिंग गेल्या. ग्रेटर मँचेस्टर, मर्सीसाइड, वेस्ट आणि साउथ यॉर्कशायर, टाइन अँड वेअर या महानगर काउंट्या आल्या. शिवाय कम्ब्रिया, क्लीव्हलंड आणि हम्बरसाइड. लँकेशायरचं फर्नेस कम्ब्रियात गेलं, यॉर्कशायरचं सेडबरही. यॉर्कशायरचं बार्नोल्ड्सविक लँकेशायरमध्ये आलं. सॅडलवर्थ हा डोंगरापलीकडचा पण शतकानुशतकं वेस्ट रायडिंगमध्ये असलेला भाग ग्रेटर मँचेस्टरच्या ओल्डम बरोत टाकला गेला. तिथे आजही यॉर्कशायरचं चिन्ह असलेल्या पांढऱ्या गुलाबाचे झेंडे लागतात आणि १ ऑगस्टला यॉर्कशायर दिन साजरा होतो.

नव्या रचनेचं आयुष्यही फार नव्हतं. महानगर काउंट्यांची कौन्सिलं १९८६ मध्ये बरखास्त झाली, क्लीव्हलंड आणि हम्बरसाइड १९९६ मध्ये, कम्ब्रिया कौन्सिल २०२३ मध्ये. तिच्या जागी आलेल्या दोन कौन्सिलांची नावं काय, तर कम्बरलंड आणि वेस्टमोरलंड-फर्नेस. आधीच राहू दिली असती तर पाट्या रंगवायचा खर्च वाचला असता.

काउंटीच्या सीमेचा सामान्य माणसाला काही फरक पडतो का?

क्रिकेटमध्ये पडायचा. यॉर्कशायर क्लबचा दंडक होता की खेळाडू यॉर्कशायरमध्येच जन्मलेला हवा. हा नियम सैल झाला आणि १९९२ मध्ये क्लबचा पहिला परदेशी खेळाडू म्हणून १९ वर्षांचा सचिन तेंडुलकर मुंबईहून आला. मूळ निवड ऑस्ट्रेलियाच्या क्रेग मॅकडरमॉटची होती; तो जखमी झाला.

लॉर्ड रिपन आणि यॉर्कशायरचं रिपन यांचा संबंध आहे का?

आहे, आणि चांगला घट्ट आहे. भारतात स्थानिक स्वराज्याचा १८ मे १८८२ चा ठराव करणारे व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांची जहागीर रिपनजवळच्या स्टडली रॉयलला होती. तरुणपणी ते १८५३ ते १८५७ हडर्सफील्डचे आणि मग वेस्ट रायडिंगचे खासदार होते. हडर्सफील्डला तेव्हा नगरपालिका नव्हती. १८४८ पासून इम्प्रूव्हमेंट कमिशनर गाव चालवत. रिपन यांच्या ठरावानंतर मुंबई इलाख्यात १८८४ चे लोकल बोर्ड आणि जिल्हा म्युनिसिपल कायदे आले. भारतातून परतल्यावर, १८९५-९६ मध्ये, ते रिपनचे महापौर झाले.

टॉडमॉर्डन परिसरातल्या जुन्या नोंदी शोधायच्या तर सुरुवात कुठून करावी?

आधी माणूस कुठल्या टाउनशिपमधला ते ठरवा. त्यासाठी स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरचे ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा खात्याचे सहा इंची (एका मैलाला सहा इंच) नकाशे फुकट पाहता येतात. त्यांवर टाउनशिपच्या हद्दी छापलेल्या आहेत. मग चर्चच्या नोंदी. लँगफील्डचं कुटुंब कायद्याने हेप्टनस्टॉल चॅपलरीतलं, पण चढण चढायचा कंटाळा सर्वांनाच असतो, त्यामुळे टॉडमॉर्डनचं सेंट मेरीज आणि स्टॅन्सफील्डमधलं क्रॉस स्टोन ही दोन्ही रजिस्टरंही पाहा. तरी सापडलं नाही तर अधिकृत अँग्लिकन चर्चबाहेरच्या बॅप्टिस्ट आणि मेथडिस्ट पंथांची चॅपलं. या खोऱ्यात त्यांचा जोर मोठा होता. १७५४ नंतरचं लग्न मात्र १८३७ पर्यंत, क्वेकर आणि ज्यू सोडून, सर्वांना अँग्लिकन चर्चमध्येच लावावं लागे.

१८५८ पूर्वीची मृत्युपत्रं चर्चच्या न्यायालयांत नोंदवली जात, आणि इथे पुन्हा ओढा आडवा येतो. हॅलिफॅक्स पॅरिश यॉर्कच्या धर्मप्रांतात, रॉचडेल चेस्टरच्या. लँगफील्डच्या माणसाचं मृत्युपत्र यॉर्कच्या बॉर्थविक इन्स्टिट्यूटमध्ये शोधा, समोरच्या काठावरच्या त्याच्या शेजाऱ्याचं प्रेस्टनच्या लँकेशायर आर्काइव्ह्जमध्ये.